देवाच्या वाट्याचं तेल

देवाचा अनुभव म्हटलं का तुमी आता उजेड पडन, घंटा वाजन म्हणून हात जोडून बसले असान. सोडा ते हात. माह्या अनुभवात फुगलेला बैल हाये.

मी जनावरांच्या डॉक्टर मॅडमची जीप चालवतो. अंगात कला एकच, नकला. मॅडमची करतो, बकरीची करतो, अन् मंदिरातल्या पुजाऱ्याची तं अशी, का आई घरातून हात जोडते. देवावर भरोसा बी तेवढाच, नकलेपुरता.

त्या सकाळी उटनूरच्या पल्याड गोंडांच्या एका गुड्यावर, म्हंजे पाड्यावर, गेलतो. मॅडम औषधाची पेटी घेऊन टेकडीवरच्या वस्तीत पायी गेल्या, तिकडे गाडी जात नाई. तेवढ्यात गुड्यावरची रंभाबाई धावत आली. तिचा बैल सुटून दवातल्या हरबऱ्यात चरला होता. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, जीभ बाहेर, दम घेता येईना. नवरा मॅडमले बोलवाले पळाला होता.

"बाबू, जोडीतला एक गेला तं दुसरा एकटा वखर ओढन का?"

मॅडमचं ऐकून इतलं ठाऊक होतं, असं फुगलं का तेल पाजाचं. पण रंभाबाईच्या शिशीत तळाशी बोटभर तेल. फोनले रेंज नाई. बैल गुडघ्यावर आला.

मोहाच्या झाडाखाली गुड्याचा देव होता, दगड अन् पांढरं निशाण. हात जोडले तं तोंडातून पुजाऱ्याचाच आवाज निंगाला. पुन्हा जोडले, पुन्हा तोच. आपण स्वतः कसं बोलतो हेच मले आठवेना. मंग कसाबसा एक फाटका आवाज आला, "देवा, मले काई येत नाई. तूच सांभाळ."

डोळे उघडले तं पायवाटेनं एक म्हातारबा येऊन राह्यला, डोक्यावर घागर. तिळाचं तेल होतं. त्यांच्या जत्रेत कुळाची लेक देवापुढं तेल पिते, त्याच्यासाठी चाललं होतं. देवाचं म्हणून मी मांगाले लाजलो. त्यानं बैलाकडं पाह्यलं, चार थेंब दगडावर शिंपडले.

"देवाचं झालं. आता याचं. धर मुंडकं, पाहत काय राह्यला?"

बांबूच्या नळीनं पाजलं, उठवून फिरवला. अन् बैलानं अशी ढेकर देल्ली का झाडावरचे पाखरं उडाले. लय आवाज काढले मी आजवर, ती ढेकर काई जमली नाई. रंभाबाई बैलाच्या गळ्याले बिलगून रडली. मी वळलो तं म्हातारबा वाटेला लागलेला. नाव बी इचारलं नाई.

तवापासून देवापुढं नक्कल करत नाई. आपल्यापाशी काईच उरत नाई तवा जे तोंडून निंगते, तेच तो ऐकत असन. त्या म्हातारबाले रोज मनातल्या मनात हात जोडतो.

मॅडम आल्या, बैल तपासला. मी भरल्या डोळ्यानं कृपा सांगितली. त्यांनी सारं ऐकून घेतलं, अन् मंग सुरू झाल्या.

"मुंडकं वर ताणून पाजलंस ना? फुफ्फुसात तेल गेलं असतं तर? आणि जीपमध्ये तेलाची बाटली ठेव म्हणून किती वेळा सांगितलं रे तुला? दर वेळी देवानंच घागर घेऊन धावायचं का?"