टोपीची हजेरी

होआकिना नऊ वर्षांची होती. चुलीपाशी मक्याचे दाणे सोलत बसली होती, आणि भिंतीपलीकडे तिचा बाप आणि चुलता अंतोलीन एकमेकांच्या अंगावर धावायच्या बेतात होते. पाटाला खांड पडून पाणी दरीत गेलं होतं, आणि गावाच्या शेवटच्या टोकाला त्यांचे बटाटे जागच्या जागी वाळले होते.

"तुझ्या वाट्याचा तुकडा होता तो!" बाप ओरडला.

"माझी टोपी होती ना खुंटीवर? विचार जा कुणालाही!"

"टोपीनं फावडं मारलं काय रे, भाड्या?"

पोरीला हसू आलं नाही, संताप आला. तो तिच्या अंगात मुक्कामालाच राहिला.

आंदेसच्या उतारावर आमच्या याकुपाताला दर वर्षी पाणी सोडण्याआधी अख्खं गाव मिळून पाट उपसतं. त्याला मिंगा म्हणतात. दर घराला बारा फावडी लांब तुकडा. तुकड्याच्या टोकाला खुंटी ठोकायची आणि वर आपली टोपी टांगायची. पाटाची देखरेख करणारा पाटकरी वरच्या वाटेनं टोप्या मोजत जाणार. टोपी दिसली की माणूस हजर, मग तो झुडपाआड चिचा, म्हणजे मक्याची दारू, पीत लोळत का असेना. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं, कारण ज्याची त्याची टोपी कधी ना कधी एकटी राबली होती. आणि पाणी काही टोकाला पोचत नव्हतं.

होआकिनाला तेवढंच हवं होतं, पाणी टोकाला. सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत ती दर सभेत भांडली. शेवटी गावानं वैतागून तिलाच पाटकरीण केलं. "घे बाई, दाखव करून!"

दाखवलं की तिनं. ती वरून चालायचीच नाही. घागरा खोचून पाटात उतरायची. खुंटीपाशी माणूस नसला की टोपी काढून न्यायची, आणि भरसभेत त्या माणसानं काय काम राहिलं ते स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय परत द्यायची नाही. एकदा सरपंचाला तीन आठवडे उघड्या डोक्यानं हिंडवलं, उन्हानं टक्कल सोलून निघालं बिचाऱ्याचं. "होआकिनाताई आली, डोकी सांभाळा रे!" लोक ओरडायचे. तिला शिव्या घालायचे आणि खणायचे. तीन वर्षांत पाणी निम्म्याच्या पुढं सरकलं. चौथ्या वर्षी टोकाला पोचणार होतं. तिथल्या सात घरांनी त्या भरवशावर घेवडा पेरला होता.

त्या मिंगाला तिचे गुडघे ठणकत होते. उतरून चढून दुपार कलली. आता तिच्या लेकाचा, नेप्तालीचा तुकडा तेवढा राहिला होता. वाटेवरून तिला त्याची टोपी दिसली. पोरगा आपलाच. ती खाली उतरली नाही.

नेप्ताली मैदानात व्हॉलीबॉल खेळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडलं आणि दुपारी नेमका तोच तुकडा फुटला. फुटला तो पार मुळासकट. पाण्यावाचून सात घरांचा घेवडा करपला.

सभेला एरवी न फिरकणारेही आले, तमाशा कोण चुकवतो? नेप्ताली म्हणाला, "आई, बीळ होतं गं तिथं. घुशीनं पोखरलं."

"घुशीच्या नावावर तुकडा नव्हता. तुझ्या नावावर होता. बोल, कुठं होतास?"

तो बोलला. मान खाली घालून बोलला.

मग ती लोकांकडे वळली. "आणि हजेरी मी लावली. वरून टोपी बघितली, उतरले नाही. दुसऱ्याचा पोरगा असता तर उतरले असते."

"जाऊ द्या हो ताई," टोकाकडची विधवा एर्मेलिंदा म्हणाली. "होतं असं."

त्यानं तर ती पेटलीच. "जाऊ दे, जाऊ दे म्हणूनच पाणी दरीत जात आलं इतकी वर्षं! शिव्या दे मला, एर्मेलिंदा! तुझा घेवडा गेलाय, तुला राग कसा येत नाही?"

एर्मेलिंदानं मग शिव्या दिल्या. अगदी आजोळापासून सुरुवात केली. होआकिनानं सगळ्या उभ्यानं ऐकल्या.

अकरा दिवस माय-लेक त्या खांडीत माती भरत होते. बाराव्या दिवशी पाणी टोकाला पोचलं. पुन्हा घेवडा पेरायला उशीर झाला होता. एर्मेलिंदानं तिथं बटाटे लावले आणि होआकिनाला एकही दिला नाही. होआकिनानं मागितलाही नाही.

गावानं पुढच्या वर्षी पुन्हा तिलाच नेमलं. तिला हाकलायचं तर तिचं काम कुणी करायचं?

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती शेवटची मिंगाला गेली. दर दहा पावलांवर धाप लागत होती. नेप्तालीचे केस एव्हाना पिकले होते. तो पाटातून ओरडला, "आई, हा बघ मी उभा आहे, तिथूनच बघ ना!"

"तू दिसतोयस रे. भराव दिसत नाही."

ती बसत, सरकत खाली उतरली. टाचेनं भराव दाबून पाहिला.

"डावीकडं पोकळ आहे. अजून दोन फावडी घाल."

त्यानं घातली. तिनं पुन्हा दाबून पाहिलं, हात झटकले आणि पुढच्या घराच्या तुकड्याकडे निघाली.