त्याच्या चपला

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. केजच्या ज्या चर्चचा मी पास्टर आहे, तिथं एक मेंढपाळ यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बाहेर विस्कटलेल्या चपला जोडीनं लावून तो मागं बसायचा. एका रविवारी माझ्या नव्या चपला दिसेनात. प्रेमावर उपदेश करून बाहेर आलेल्या मी सगळ्यांदेखत त्याची पिशवी उपसली. आत भाकरी आणि बायबल.

“साहेब, ऊन लई हाय. माझ्या घाला,” म्हणत तो अनवाणी निघून गेला.

शेवटी दाराशी दोनच जोड उरले. एक त्याचा. दुसरा माझाच जुना, सकाळी मी घालून आलेला, त्यानं नीट लावलेला. नवा घरीच होता.

तो पुन्हा आला नाही. समेट केल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊ नये, हे मीच शिकवतो आणि दर वेळी घेतो. त्याच्या चपला अजून माझ्याकडे आहेत. “माझं चुकलं, भाऊ,” एवढं त्याला सांगायचं राहूनच गेलं.