सरांना समोर जाऊन सांगायचं

बीटी कापसाला अळी लागत नाही, एवढं ऐकूनच बाबांनी ते बियाणं घेतलं होतं. पुढं त्याच्याच बोंडांत गुलाबी अळी निघायला लागली. बोंड वरून चांगलं दिसायचं. फोडलं की आत कापूस पिवळा पडून चिकटलेला. बारावीनंतर मी दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायचं, हे घरात कुणी न बोलताच ठरलं होतं. तरी बाबांनी खामगावच्या कॉलेजात माझं नाव घातलं, आणि त्याच वर्षी रोगाच्या साथीनं कॉलेज मोबाईलवर आलं.

सरांनी सुरुवातीलाच सूचना पाठवल्या. तासाला बोला, चर्चेत लिहा, अडचण आली तर मेल करून कळवा. मी त्या वहीत सुंदर अक्षरात उतरवल्या आणि एकही पाळली नाही. तासाला रोज असायचे, पण तोंड उघडायचे नाही. आमच्याकडं मोठ्यांसमोर बोलणारी पोरगी आगाऊ ठरते. सरांना वाटत असेल, ही मोबाईल लावून निघून जाते.

दिवाळीनंतर गावातला टॉवर आठवडाभर बंद पडला. माझा स्वाध्याय राहिला. रेंज आली तेव्हा सरांचा निरोप येऊन पडला होता: कारण कळवलं नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

"बाबा, मेल करू का?" मी विचारलं.

"येडी हायेस काय वं? चूक आपली, अन् सरले घरबसल्या निरोप धाडतं? समोर जाऊन उभं राहा लागते."

मला ते पटलं. आमच्यात लग्नाचं बोलावणंसुद्धा घरी जाऊन करतात. निरोपावर कळवलं तर माणसं रुसतात.

त्या वर्षी कापूस बरा फुटला होता आणि आभाळ भरून आलं होतं. माय म्हणाली, "आज वेचून घ्या, उद्या जा."

"अन् उद्यापर्यंत पोरीचं नाव कापलं तं?" धुतलेला सदरा घालून बाबा एसटीनं गेले.

मी आणि माय वेचत राहिलो. अर्धं शेतही झालं नव्हतं, तोच पाऊस आला. फुटलेला कापूस आमच्या डोळ्यांदेखत भिजून मातीला लागला.

संध्याकाळी बाबा ओलेचिंब परत आले. कॉलेजचं गेट बंद होतं. चौकीदार म्हणाला होता, "काका, सर घरूनच शिकवून राह्यले. पोरीले मेल कराले सांगा, दोन मिनिटाचं काम हाय." तरी एखादे सर येतील म्हणून बाबा तिथंच उभे राहिले होते.

"सरले भेटाले गेलते, कुलपाले भेटून आले," माय म्हणाली. हसली, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

"मेल केला तं सरले राग नाई येत?" बाबांनी विचारलं.

"नाही. तसंच कळवा म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं."

"मंग सकाळी काऊन नाई सांगतलं?"

आवाज चढवला नाही त्यांनी. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी मेल केला. सकाळी सरांचं उत्तर आलं: रविवारपर्यंत द्या, आणि तासाला बोलत जा. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. बाबा तेव्हा शेतात भिजलेला कापूस वेगळा करत होते. उरलेल्या बोंडांत पुढं अळीच निघाली.

मी परीक्षेला बसले. तीन वर्षांनी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.