कुरोडीचं ऊन

आमची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, उन्हावर पाय ठेवून बघायची. चैत्रात ऊन चढू लागलं की अनवाणी गच्चीवर जायची, फरशीवर पाऊल टेकायची आणि निकाल द्यायची, "आज कुरोडीचं ऊन हाये." कधी ते पापडाचं निघायचं, कधी नुसतंच मुगवड्यांचं. आम्हा पोरांना सगळी उन्हं सारखीच भाजायची. पण कुरोडीचं निघालं की कुरडयांसाठी शिजवलेला वाटीभर गरम चीक मिळायचा, म्हणून आम्ही तिच्या पावलाकडे टक लावून बसायचो.

तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, स्टील प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. आयुष्यभर त्यांनी कोळसा भाजला. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात असताना वाळवणावर काळी धूळ बसायची आणि मोठी आई ओरडायची, "अवो, तुमची भट्टी माह्याच पापडावर कावून येते?" मोठे बाबा कापडाचं दुसरं टोक धरून झटकू लागायचे.

पुढे स्मृति नगरात घर बांधलं. धूळ गेली, तर उन्हानं रंग दाखवायला सुरुवात केली. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नसे, आणि अशातच भर चैत्रात ढग येऊन वाळवण भिजवून जात. "ऊन वाढलं, पन इमान गेलं त्याचं," ती म्हणायची. मोठे बाबा पेपर वाचून समजावायचे, की कोळशा-तेलाच्या धुरानं पृथ्वी तापते आहे, म्हणून पावसाचंही ताळतंत्र सुटलं. एकदा ती लगेच म्हणाली, "म्हंजे तुमचीच भट्टी!"

ती गमतीनं बोलली, पण मोठ्या बाबांना ते लागलं. काही दिवसांनी जेवताना म्हणाले, "जाळला तेवढा कोयसा जाळला. आता मले हे घर उन्हावर चालवाचं हाये." आणि त्यांनी सोलर बसवायला काढलं.

माप घ्यायला आलेल्या माणसानं सगळ्यात जास्त उन्हाची जागा निवडली. ती नेमकी मोठ्या आईच्या कुरोड्यांची जागा! त्या वर्षी माझं लग्न ठरलेलं. रुखवतातल्या कुरोड्या तिच्याच हातच्या असणार, हे मी जन्मल्यापासून तिनं ठरवून ठेवलं होतं. ती तिथेच पाट मांडून बसली. "गच्ची माही, ऊनबी माहं!" तरी सोलर बसलंच. मग तिनं मोठ्या बाबांशी अबोला धरला. भाजी मात्र रोज त्यांच्या आवडीची करायची.

लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी मोठे बाबा मोबाईलवर सोलरचा आकडा बघून हैराण. लख्ख ऊन आणि वीज अर्धीसुद्धा बनत नव्हती. कंपनीवाल्यावर फोनवर डाफरतच ते गच्चीवर गेले, मागोमाग मी. बघते तर पॅनेलच्या काचांवर ओलं धोतर ताणून बांधलेलं, त्यावर गुलाबी, हिरव्या, पांढऱ्या कुरोड्यांच्या रांगा, आणि पॅनेलखालच्या सावलीत कावळे हाकलायची काठी घेऊन मोठी आई.

"अवं, हे सोलर हाये!" मोठे बाबा किंचाळले.

"माहं सोलर माह्या लगनाच्या आधीपासून चालू हाये," ती म्हणाली. किती दिवसांनी बोलली होती! मोठ्या बाबांना हसू आवरेना. त्यांनी फोन ठेवून दिला.

दुपारी आभाळ भरून आलं. मोठ्या बाबांनी धावत जाऊन धोतराच्या गाठी सोडल्या, आम्ही तिघांनी ते जसंच्या तसं पॅनेलखाली सरकवलं आणि त्याच्या कडेला आम्हीही अंग चोरून बसलो. वर काचांवर पाऊस ताडताड वाजत होता, कुरोड्या कोरड्या होत्या. मोठी आई वर बघत म्हणाली, "बरं केलं तुमी हे छत." शेवटपर्यंत ती त्याला छतच म्हणत राहिली. माझ्या रुखवतात त्या कुरोड्या मधोमध मांडल्या होत्या, आणि मोठे बाबा येईल त्याला सांगत होते, "विजेवर वाळवल्या!"

मोठी आई गेल्या हिवाळ्यात गेली. या चैत्रात मी चीक विसरूनच गेले होते. तेवढ्यात मोठ्या बाबांचा फोन आला. "पोरी, वीज अर्धीच बनून राहिली."

"मग कंपनीला सांगा ना."

"कायले? काचेवर धोतर टाकलं मी. चीक जरा पातळ झाला, आकार काही नीट आले नाईत. वाळल्या की घेऊन जा."

मी विचारलं, "ऊन पाहिलं होतं का?"

"मंग! पाय ठेवून पाहिलं ना," ते म्हणाले. "कुरोडीचंच हाये."