आक्षेप नाही

‘सर्वांचं एकमत झालं’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरचे आता ते वाक्य टाळतात. एकदा रविवारी जेवायला काय करायचं यावर नवरा गमतीने म्हणाला, “चला, एकमत झालं,” आणि मी विळीवरून तशीच उठून आत गेले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. राग त्याच्यावर नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्याने उरलेली भाजी मुकाट्याने चिरली.

मी मूल गावची. भातगिरण्यांच्या आवाजात वाढले, लग्न होऊन गडचिरोलीला आले, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि मग एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यक्रमात नोकरीला लागले. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तिच्या जागी दुसरी असती तरी हेच झालं असतं. व्यापार आणि विकास हे दोन जड शब्द तिच्या प्रत्येक कागदावर असत. आमच्या जंगलातलं मोहफूल परदेशी बाजारात खाण्याचा पदार्थ म्हणून जावं आणि त्याचा फायदा वेचणाऱ्या बायांना मिळावा, असा तो कार्यक्रम. ऐकायला किती छान. मलाही छानच वाटलं होतं. मी ‘स्थानिक समन्वयक’ होते, म्हणजे गावात बैठक घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, त्याचं इंग्रजी करायचं आणि वर पाठवून द्यायचं.

असे आराखडे कसे ठरतात ते मला तिथे गेल्यावर कळलं. मला वाटायचं, एवढे देश, एवढी माणसं, म्हणजे मतदान होत असेल, भांडणं होत असतील. छे. मतदान त्यांना अपशकुनासारखं वाटतं. आधी एक मसुदा निघतो. ज्या वाक्यावर कुणाची कुरकुर असेल ते चौकोनी कंसात टाकतात. मग महिनोन्‌महिने पत्रं, फोन, चर्चासत्रं, आणि एकेक कंस कमी होत जातो. शेवटचा मसुदा अकरा कार्यालयांना जातो आणि सोबत एक ओळ असते: सात दिवसांत आक्षेप आला नाही तर संमती आहे असे समजण्यात येईल. सात दिवस कुणी बोललं नाही की झालं एकमत. सगळे सगळ्यांचे आभार मानतात.

खोटं कशाला बोलू, मला ही पद्धत तेव्हा फार सुसंस्कृत वाटली. आमच्याकडच्या सभांमध्ये खुर्च्या उडालेल्या मी पाहिल्या होत्या.

माझ्याकडे जी गावं होती त्यातलं एक गडचिरोलीहून बसने दीड तास आणि पुढे पायी अर्धा तास. माडिया-गोंडांची तीस-पस्तीस घरं. तिथेही एकमतानेच ठरतं, पण त्यांची तऱ्हा वेगळी. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सगळे बसतात, बायाही बसतात. विषय मांडून झाला की प्रत्येक घराने तोंडाने ‘होय’ म्हणायचं. ज्याला पटलं नाही तो ‘नाही’ म्हणत नाही. भरल्या बैठकीत शेजाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना शोभत नाही. तो गप्प बसतो. एक जरी गप्प बसला तरी भूमिया, म्हणजे गावाचा मुखिया, उठतो आणि म्हणतो, “चला, पुन्हा बसू.” मधल्या दिवसांत माणसं त्या गप्प बसणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसतात, विचारतात, ऐकतात. बांबू कधी तोडायचा या एका प्रश्नावर एक म्हातारा गप्प होता, म्हणून ते गाव चारदा बसलेलं मी स्वतः पाहिलं. कुणी त्याच्यावर डाफरलं नाही. चौथ्या वेळी तो होय म्हणाला, आणि तेही त्याची अट मान्य झाल्यावर.

हे सगळं मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

त्या गावात एक बाई होती. साठीची असेल, एकटी राहायची. तिची नाल्याकाठी मोहाची दोन झाडं होती. तिची म्हणजे कागदावर नव्हेत, कागदावर ती जंगलाची. पण तिच्या सासूने तिला दिलेली. फागुनात ती झाडाखालचा पाला झाडून जाळायची. जो झाडाखाली झाडतो त्याचं झाड, ही तिथली रीत, आणि ती कुणी मोडत नाही. दोन्हीतलं कुठलं आधी टपकायला लागतं हे तिला ठाऊक होतं. वेचलेलं फूल सुकवून ती गाडग्यात भरायची आणि पावसाळ्यात शेतात काही नसलं की तेच शिजवायची. थोडं देवांसाठी वेगळं ठेवायची. मी गेले की हातावर मूठभर ठेवायचीच. “खा म्याडम, पोट भरते,” म्हणायची.

तिला पाहूनच मी मसुद्यात एक वाक्य घालायला लावलं होतं: ‘परंपरेने ज्या कुटुंबाकडे जी झाडे आहेत ती त्यांच्याकडेच राहतील.’ ते लगेच कंसात गेलं. कुठूनतरी शेरा आला की ‘परंपरेने’ हे मोजता येत नाही. फूल मातीला लागलं तर परदेशात चालत नाही, म्हणून झाडाखाली जाळी बांधायची, जाळी नोंदणी केलेल्या बायांच्या गटाला द्यायची, आणि गटाची झाडं नकाशावर आखून द्यायची, असं त्यांचं गणित. नकाशा आखणाऱ्याने मोहाचं झाड पाहिलं होतं की नाही, देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेवटच्या मसुद्यात एकही कंस नव्हता. मी आनंदाने उघडला तर कंसाबरोबर माझं वाक्यही गेलेलं. निंदणात तणासोबत धानही उपटून टाकावं तसं.

तो मसुदा घेऊन मी गोटुलात गेले, कारण गावाचं मत जोडायचं असा नियम होता. मी लपवलं काहीच नाही. झाडं गटाकडे जातील, हे सरळ सांगितलं. गटात यायला कोणते कागद लागतील ते सांगितलं. बाईकडे ते कागद नव्हते, हे तिलाही कळलं आणि मलाही. माझं बोलणं संपलं. कुणी होय म्हटलं नाही. बाई पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसली होती.

भूमिया उठला. “चला म्याडम, पुन्हा बसू.”

“कधी?”

“मोह झाल्यावर. आता कामाचे दिवस हायेत.”

माझी सात दिवसांची मुदत दोन दिवसांनी संपत होती. पिशवीत एक फॉर्म होता. त्यावर एकच प्रश्न होता: बैठकीत आक्षेप नोंदवला गेला का? होय किंवा नाही, दोनच चौकटी. ‘पुन्हा बसू’ अशी चौकट नव्हती. मी बसथांब्यावरून नागपूरच्या वरिष्ठांना फोन लावला. तसे भले गृहस्थ होते.

“गावाने काही म्हटलंच नाही सर.”

“विरोध केला का कुणी?”

“नाही, पण त्यांच्यात गप्प बसणं म्हणजे...”

“म्हणजे आक्षेप नाही. लिहून टाका. एवढ्यासाठी अकरा कार्यालयं थांबवायची का?”

मी ‘नाही’वर खूण केली. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. बस यायला वेळ होता, पेन हातात होतं, आणि मला ती नोकरी आवडत होती. आठ दिवसांनी पत्र आलं की सर्व घटकांच्या सहमतीने आराखडा निश्चित झाला आहे. खाली माझे खास आभार.

पुढे कधीतरी दिल्लीच्या कार्यालयातल्या एका बाईंशी बोलणं झालं. अकरा संमतींपैकी एक त्यांची. मी विचारलं, तुम्हाला ते वाक्य गेलेलं दिसलं नाही का? त्या म्हणाल्या, “कुठलं वाक्य? त्या आठवड्यात तर मी रजेवर होते.” त्यांच्या मेलवरून ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप उत्तर गेलं होतं. ते उत्तरही संमतीत धरलं गेलं. बाकीच्या दहांना विचारायचं धैर्य मला झालं नाही. एका म्हाताऱ्यासाठी चारदा बसणाऱ्या गावाला आम्ही निर्णयप्रक्रियेचं प्रशिक्षण देत होतो, हे आठवलं की अजून दात खावेसे वाटतात.

मोह टपकायला लागला तेव्हा कार्यक्रमाचे फोटो काढायला मला पाठवलं. सकाळी उजाडताना नाल्यावर पोचले. झाडाखाली हिरवी जाळी ताणलेली, खोडाला नंबराची पत्र्याची पाटी, आणि जाळीत पिवळी फुलं. जाळीच्या कडेला बाई टोपली घेऊन उभी. खालची जमीन तिने झाडलेली दिसत होती, पाला जळाल्याचा काळा गोल जाळीखालून दिसत होता. पलीकडे गटाच्या दोघी, तिच्याच शेजारणी, मान खाली घालून उभ्या. त्यांनाही हात लावायची लाज वाटत होती.

“म्याडम, मी तं होय म्हनली नाई,” बाई म्हणाली.

“हो बाई.”

“मंग जाळी काऊन लावली?”

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला हात होत नाही. पण लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, “पण तुम्ही नाही असंही म्हटलं नव्हतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “नाई म्हनायले आमचं का भांडन हाय? मी चूप बसली होती. साऱ्या गावानं पाह्यलं. तुमी बी पाह्यलं.”

मी फोटो न काढता परत आले. त्या दिवशी मी वर जे पत्र लिहिलं तसं नोकरीत कुणी लिहू नये. उत्तर मात्र अतिशय सभ्य होतं. आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे, आराखड्यावर एकमत झालेले असल्याने मध्यावधी आढाव्यात त्याचा विचार करता येईल. मध्यावधी आढावा पुढच्या वर्षी होता. मोह टपकतो जेमतेम तीन आठवडे. हे मी त्यांना कळवलं, तर त्याचीही नोंद घेतली गेली.

गाव मात्र थांबलं नाही. कामाचे दिवस असूनही बसलं. पहिल्या दोन्ही वेळा कुणी ना कुणी गप्प राहिलं, कारण गटातल्या बायांनाही चार पैशांची आशा होतीच. तिसऱ्या वेळी सगळ्या घरांनी होय म्हटलं. दुसऱ्या दिवशी जाळ्या सोडल्या, नीट गुंडाळल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात रचून ठेवल्या. एकही फाडली नाही. झाडं परत बाईची झाली. पण तोवर फुलं संपली होती, फांद्यांवर तांबडी पालवी आली होती. त्या पावसाळ्यात तिचं गाडगं रिकामं होतं. शेजारणींनी मूठमूठ आणून घातलं, असं मला नंतर कळलं. कार्यक्रमाच्या अहवालात या सगळ्यावर एकच वाक्य आलं: ‘जाळ्यांच्या वापराबाबत समुदायाच्या सवयी बदलण्यास वेळ लागेल.’ आक्षेप न आल्याने तो अहवालही मंजूर झाला.

मी राजीनामा तोंडावर फेकला, असं सांगायला मला आवडलं असतं. माझा करार संपला आणि मी पुढचा मागितला नाही, एवढंच. ती शूर कामगिरी नव्हे. वेळेवर ‘होय’च्या चौकटीत खूण केली असती तर मसुदा अडला असता, निदान एक मोसम अडला असता. ज्या दिवशी तोंड उघडायचं होतं त्या दिवशी मी मूग गिळून बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ मात्र सगळ्यांनी बरोबर लावला.

दिवाळीनंतर मी स्वतःच्या खर्चाने त्या गावात गेले आणि भूमियाला म्हणाले, मला बैठकीत बोलायचं आहे. गाव बसलं. मी म्हणाले, “तुम्ही गप्प बसला होता. त्याचा अर्थ मला कळत होता. तरी मी कागदावर आक्षेप नाही असं लिहिलं. चूक माझी आहे. माफ करा.” मग मी खाली बसले आणि वाट पाहिली. एकाही घराने होय म्हटलं नाही. बाई पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती.

भूमिया उठला. “चला बाई, पुन्हा बसू,” तो मला म्हणाला.

या वेळी मी ‘कधी?’ असं विचारलं नाही. तेव्हापासून मोह झाला की मी जाते आणि दिवाळी झाली की जाते. मधल्या दिवसांत बाईच्या अंगणातही जाऊन बसते. ती पाणी देते, तब्येत विचारते, त्या विषयावर बोलत नाही. मागच्या बैठकीत बाकीच्या सगळ्या घरांनी होय म्हटलं. ती गप्प होती.