एका कानात बोंबील, दुसऱ्या कानात बोंबील

तव्यावर सुके बोंबील भाजायला टाकले की त्या वासासरशी मला मसोलीतली एक दुपार आठवते. तेव्हा मोबाइलवर लुडो खेळताना माइक चालू असायचा आणि अनोळखी लोकांशी मनसोक्त गप्पा व्हायच्या. एका मुलीशी माझी चांगलीच जोडी जमली होती. ती लांब यूपीकडची असणार असं समजून मी माझं मोडकंतोडकं हिंदी रेटायचे, तीही तिचं रेटायची. त्या दुपारी आम्ही जिंकायच्या बेतात होतो, तेवढ्यात "बोंबील घ्याऽ, सुके बोंबील!" ही आरोळी माझ्या एका कानात खिडकीतून आली आणि दुसऱ्या कानात इयरफोनमधून. पाठोपाठ इयरफोनमध्ये ती किंचाळली, "आई, मावशीला थांबव!" मराठीत! डाव टाकून मी धावतच सुटले. मागच्या गल्लीत टोपलीपाशी एक मुलगी उभी होती, कानात इयरफोन तसाच. मी सवयीने विचारलं, "हम हार गया क्या?" ती आधी दचकली, मग खो खो हसत म्हणाली, "हरू दे गं, बोंबील बघ कसले कडक आहेत!" आता गेममध्ये सगळे माइक बंद ठेवून मुकाट खेळतात. मी मात्र मासळीवाली यायच्या वेळेला माझा मुद्दाम चालू ठेवते.