जजचा चेहरा

काळा कोट माझ्या अंगावर होता. पहिल्या शॉटला दहा मिनिटं होती. दिग्दर्शक मॉनिटरवरून उठून आला. तिशीतला मुलगा. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग कॅमेरामनकडे.

"दादा, एक छोटा चेंज है. जज आप नहीं करेंगे. आप चपरासी कर लीजिए."

"क्यों?"

"फेस नहीं बैठ रहा. चपरासी में आप एकदम नॅचरल लगेंगे."

ड्रेसमनने माझ्या अंगावरून कोट उतरवला. सगळ्या युनिटसमोर. एका लाइटवाल्याने तेवढी मान फिरवली.

उज्जैनमध्ये नानाखेड्याजवळच्या एका मॅरेज गार्डनमध्ये वेब सिरीजसाठी कोर्टाचा सेट लावला होता. मी चौसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं रंगभूमीवर, वीस वर्षं पडद्यावर. पडद्यावर काय केलं? हमाल. माळी. झाडूवाला. वॉचमन. पुन्हा वॉचमन. बहुतेकांना नाव नव्हतं. कौतुक एकाच शब्दात व्हायचं. नॅचरल. म्हणजे याने काही केलेलं नाही, हा आहेच असा.

वडील रेल्वेत सफाई कामगार. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले. अकराव्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला नोकराचं काम मिळालं. पाण्याने भरलेले पेले ताटात ठेवून मी चार दिवस घरात चालत होतो, थेंब सांडू नये म्हणून. तालमीत विचारलं, "माझी एंट्री एकदा करून बघू?" नाटक बसवणारे म्हणाले, "तुला कशाला रे तालीम? घरी हेच तर बघतोस." सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या हसण्याची मला जास्त किळस येते.

जजची भूमिका आली तेव्हा तीन आठवडे जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसलो. निकाल वाचताना जज आवाज चढवत नाही, उतरवतो. साक्षीदार रडायला लागला की कागदात बघतो. कठोर म्हणून नव्हे. समोरच्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. असं एकेक टिपलं, घरी आरशाशिवाय केलं. आरशात चेहरा दिसतो, माणूस दिसत नाही. मी असंच काम करतो.

कोट गेला तो मेकअप रूममध्ये. मागोमाग मी गेलो, माझा शर्ट तिथे होता. आत बापूसाहेब बसले होते, मेकअप पूर्ण झालेला. म्हणजे चेंज आत्ताचा नव्हता. बापूसाहेब मंडळातले, माझ्याच वयाचे. पूर्वज संस्थानच्या कचेरीत, स्वतः बँकेतून निवृत्त. गोरे, रुंद कपाळाचे. मी त्यांना अहो म्हणतो, ते मला अरे म्हणतात. लहानपणापासून. कोटाच्या बाह्या त्यांना आखूड होत होत्या. टेलर शिवण उसवत होता.

"अरे ये ये, पोहे घे आधी. तू म्हणे लई तयारी केली होतीस. जरा सांग ना यार, जज साक्षीदाराकडे बघतो कसा? माझं पाठांतर झालंय, बाकी सब राम भरोसे."

आणि मी सांगायला लागलो. ही माझी सवय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भूमिका विंगेत उभं राहून बसवून दिल्या आणि मग ताट घेऊन आत गेलो.

"साक्षीदार रडला की जज..." एवढं बोललो. बापूसाहेब मान डोलावत होते, तोंडात पोहे. मी थांबलो.

"हं, पुढे?"

"पुढे नाही सांगणार."

"रागावलास? अरे, चपराशी करण्यात कसला कमीपणा?"

"कमीपणा नाही. माझा मेहुणा कोर्टात चपराशी आहे. तो उभा करायलाही मला तीन आठवडे लागतील. तुम्ही लोकांनी दहा मिनिटं दिलीत."

दिग्दर्शक दारात आला. "दादा, युनिट रुका है. आपको तो बस खड़े रहना है, ॲक्टिंग भी नहीं करनी."

"तो किसी को भी खड़ा कर दीजिए. मैं ॲक्टर हूँ."

शर्ट घातला. निघालो. मागून बापूसाहेबांचा आवाज आला, "डोकं फिरलं याचं. या वयात कोण देणार याला काम?"

प्रश्न बरोबर होता. त्या कंपनीचा फोन पुन्हा आला नाही. बाकीचे येतात, वॉचमनसाठीच. मी विचारतो, तालीम किती दिवस? समोरून उत्तर येतं, "अरे दादा, आपको क्या तालीम!" तिथेच मी फोन ठेवतो. काम कमी झालं आहे. आणखी कमी होईल. पण तालमीशिवाय मी यापुढे कॅमेऱ्यासमोर उभा राहणार नाही. वॉचमन असो की जज. आणि तयार केलेला माणूस दुसऱ्या कुणाला घालायला देणार नाही.